भाच्याला थेट फायनल कट ऐकवला

भाचा अकरावीला आहे, त्याने विचारलं मामा पिंक फ्लॉइड (तो इंग्लिश रॉक बँड) कुठून सुरू करू, आणि मी शहाणा, सरळ सांगून बसलो फायनल कट. माझा जीव आहे त्या अल्बमवर, पुढचा मागचा विचारच केला नाही.

रविवारी ठाण्याहून वाशी लोकल पकडली, इअरफोन त्याच्या कानात. आता हा अल्बम सुरूच होतो हळू, कुणीतरी रेडिओची स्टेशनं फिरवतंय, मग बँडचा गायक रॉजर वॉटर्स ओठातल्या ओठात गातोय, लोकलच्या खडखडाटात पोराला धड काही ऐकू येईना म्हणून तो आवाज वाढवत गेला आणि तुर्भ्याच्या आसपास अल्बममधलं ते मिसाइल येऊन फुटलं. असा दचकला की इअरफोन उपटून शेजारच्या काकांच्या मांडीवर.

"मामा, हा एवढा चिडलाय कोणावर?"

आता काय सांगणार. १९४४ ला इटलीत अँझिओला वॉटर्सचे वडील लढाईत मारले गेले तेव्हा हा पाच महिन्यांचा, मग १९८२ ला ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचरबाईंनी फॉकलंडचं युद्ध केलं आणि ती जखम परत उघडली, त्यातून १९८३ चा हा अल्बम. कीबोर्डवाला रिक राइट तोवर बँडबाहेर, गिटारवाल्या गिलमोरला मेन गायला मिळालंय एकाच गाण्यात. कव्हरवरच लिहिलंय की रॉजर वॉटर्सचं, सादरकर्ते पिंक फ्लॉइड! हे का टोचतं ते कळायला चौघं मिळून कसे वाजायचे ते आधी कानात असायला लागतं ना. मी पोराला ओळख ना पाळख थेट तेराव्याला नेऊन बसवलं.

त्यांचाच विश यू वर हिअर हा अल्बम द्यायला हवा होता. तोही खासगीच आहे, बँडचा सुरुवातीचा गायक सिड बॅरेटच्या आठवणीतला, पण सिड कोण ते माहीत नसलं तरी काही अडत नाही, गिटारच आत ओढून नेते. (त्यांच्या द वॉल अल्बमने सुरू करा म्हणणारे पण आहेत. ऐंशी मिनिटं? नको.)

वाशीला उतरल्यावर वडापाव खाता खाता म्हणतो, "ते एक कुठलं रे, तो ओरडतो आणि त्या ओरडण्यातूनच सॅक्सोफोन निघतो?"

गनर्स ड्रीम, म्हटलं.

परतीच्या गाडीत ऐरोलीपर्यंत तेवढंच एक लावून बसला होता.