पर्ड्यूच्या मागे तीन गावं: नोव्हेंबर-डिसेंबर 2023 च्या बास्केटबॉल मॅचेसचा वृत्तांत (आणि जाणार असाल तर काय करायचं ते)

मार्चमध्ये आमची पर्ड्यू युनिव्हर्सिटीची बास्केटबॉल टीम फेअरली डिकिन्सन ह्या छोट्या कॉलेजकडून हरली त्या रात्री मी जेवलेच नव्हते. 17 मार्च 2023, कोलंबस, 63-58. देशभरच्या कॉलेज टीम्सची दर मार्चला बाद फेरीची स्पर्धा असते, तिच्यात आपण पहिलं सीड म्हणजे सगळ्यात वरचं मानांकन, ते सोळावं म्हणजे तळाचं, आणि पुरुषांच्या स्पर्धेत असं त्याआधी एकदाच झालेलं, 2018 ला व्हर्जिनियाचं. आणि आपण 2022 ला सेंट पीटर्सकडून हरलेलो, 2021 ला नॉर्थ टेक्ससकडून. मी 2008 ते 2010 पर्ड्यूला एमएस केलं, टीमचा हुकमी खेळाडू रॉबी हमेलचा गुडघा गेला तेव्हा मी तिथंच होते, त्यामुळे दुःखाची सवय आहे असं वाटायचं, पण हे जास्त लागलं. म्हणून यंदा, म्हणजे 2023 च्या सीझनला, ठरवलं की मार्चची वाट बघत टीव्हीसमोर बसायचं नाही, सीझनच्या सुरुवातीलाच प्रत्यक्ष जाऊन बघायचं की ही टीम बदललीय का. आम्ही नेपरव्हिलला राहतो, शिकागोच्या पश्चिमेला, तिथून गाडीने जमतील अशा तीन मॅचेस काढल्या. बहिणीचा मुलगा आता पर्ड्यूलाच मास्टर्स करतोय, त्यामुळे निमित्तही होतं.

पहिली मॅच, 10 नोव्हेंबर, समोर मोरहेड स्टेट, पर्ड्यूच्या घरच्या मॅकी अरीनात. त्या दिवशी धनत्रयोदशी होती. सकाळी दिवे लावले, दुपारी चकली, चिवडा आणि बेसनाचे लाडू डब्यात भरले आणि आय-80 वरून आय-65 ला लागलो. ट्रॅफिक नसेल तर सव्वादोन-अडीच तास लागतात, पण शुक्रवारी दुपारी गॅरीजवळच्या पट्ट्यात ट्रक्सची रांग असते, एक तास जास्तीचा धराच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे बाहेरून येणारे कायम विसरतात: पर्ड्यूचं गाव वेस्ट लाफायेट ईस्टर्न टाइममध्ये आहे, शिकागोच्या एक तास पुढे. तिकिटावर जी वेळ असते ती तिथली. आमच्या ओळखीतले एकजण मागे मध्यंतराला पोचले होते ह्याच कारणाने.

पुढे आय-65 वर पवनचक्क्या लागतात, दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथपर्यंत, रात्री सगळ्यांचे लाल दिवे एकदम पेटतात आणि एकदम विझतात. नवरा साताऱ्याचा, त्याला दरवेळी चाळकेवाडीचं पठार आठवतं. तिथं वारा जाम असतो, हलकी गाडी असेल तर स्टिअरिंग घट्ट धरा, आणि डिसेंबरनंतर लेक मिशिगनच्या बाजूने येणारा बर्फ कधीही गाठतो, निघण्याआधी शिकागोचं नाही, उत्तर इंडियानाचं हवामान बघायचं. ट्रेनचा विचार करत असाल तर अॅमट्रॅकची कार्डिनल शेजारच्या लाफायेटला थांबते, पण आठवड्यातून तीनच दिवस आणि शिकागोहून संध्याकाळी निघते, म्हणजे पोचेपर्यंत मॅच संपलेली. गाडीच बरी.

पोचल्यावर आधी भाच्याला उचललं आणि स्टेट स्ट्रीटच्या चढावरच्या ट्रिपल एक्सएक्सएक्स मध्ये गेलो. 1929 पासूनचं रेस्टॉरंट आहे, बाहेरून काळे-केशरी पट्टे, आत स्टुलं आणि काउंटर. रूट बिअर त्यांची स्वतःची (दारू नाही हो, सोडा असतो, नावावर जाऊ नका). पहिल्या घोटाला आपल्याकडच्यांना मलमाचा वास आठवतो, पण वर आइस्क्रीमचा गोळा टाकून घेतलात तर आवडेल. शाकाहारी लोकांनी मात्र इथं फ्राईज, पॅनकेक्स एवढ्यावर भागवायची तयारी ठेवावी. वेळ असेल तर कॅम्पसवर नील आर्मस्ट्राँगचा पुतळा बघा, तो इथलाच विद्यार्थी, बाजूला चंद्रावरच्यासारखे बुटांचे ठसे केलेत, लहान मुलं त्यावर उड्या मारत जातात.

आता मॅकी. 1967 ची इमारत, गोल, वर घुमट, जेमतेम 14,876 माणसं मावतात, पण आवाज जो वर जातो तो त्या घुमटावर आपटून परत खाली येतो, आणि पेंट क्रू म्हणजे विद्यार्थ्यांचा स्टँड सुरू झाला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. गणपती विसर्जनात ढोलपथकाच्या मधोमध उभं राहिल्यावर छातीत जसं वाजतं ना, तसं. लहान मूल नेणार असाल तर कानाला लावायचे हेडफोन न्याच. कुणी "बॉयलर अप" म्हटलं की आपण "हॅमर डाऊन" म्हणायचं, अनोळखी माणसाला रस्त्यातसुद्धा.

बॅगेचं नीट ऐका. पारदर्शक बॅगच आत नेता येते, किंवा मग अगदी छोटं पाकीट. माझ्या खांद्याला नेहमीची पर्स होती, ती गाडीत ठेवायला परत जाऊन यावं लागलं आणि टीमचा वॉर्मअप निम्मा गेला. ह्याचं मला खरंच वाईट वाटलं, कारण वॉर्मअप हीच सुरुवातीच्या सीझनची खरी मजा आहे, आपला सात फूट चार इंचाचा मुख्य खेळाडू झॅक ईडी तेव्हा शांतपणे एकामागून एक फ्री थ्रो (कुणी अडवायला नसताना मारायचे शॉट) मारत होता आणि लोक त्याच्यापासून वीस पावलांवर होते. बाहेरचं खाणं आत चालत नाही, लाडूंचा डबा गाडीतच ठेवा.

तिकिटांचं असं आहे की मॅकीची सीझन तिकिटं आधीच गेलेली असतात, बाहेरच्या माणसाला फोनवरच्या रीसेल अॅपवरूनच घ्यावी लागतात. पण नोव्हेंबरमध्ये छोट्या कॉलेजांविरुद्धच्या मॅचेसना भाव पडलेला असतो, आम्हाला जी जागा मिळाली तशी जागा इलिनॉय किंवा इंडियानाच्या वेळी परवडणार नाही. मॅचच्या दिवशी दुपारपर्यंत थांबलात तर अजून उतरतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने ह्याच मॅचला जावं असं माझं स्पष्ट मत आहे.

आम्ही 87-57 जिंकलो. स्कोअरवरून काही कळत नाही, पण मी एकच गोष्ट बघायला गेले होते. फेअरली डिकिन्सनने काय केलं होतं, ईडीच्या पुढे एक आणि मागे एक उभा केला आणि बाकीच्यांना सांगितलं, मारा बाहेरून. आपण 26 तीन-पॉइंटरपैकी (लांबून मारायचे तीन गुणांचे शॉट) 5 घातले. दोन्ही गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेणारे आणि बाहेरून मारणारे, ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर, तेव्हा पहिल्या वर्षाची मुलं होती, मार्चपर्यंत दमलेली, आणि बॉल घेऊन वर येणारा स्मिथशिवाय कुणी नाही, त्याला दाबला की सगळं थांबतं. यंदा कोच मॅट पेंटरने सदर्न इलिनॉयमधून लान्स जोन्सला आणलंय. तो पाचव्या वर्षाचा, पायात वेग, बचावाला चिवट, आणि तो बॉल घेऊन वर येतो म्हणजे स्मिथला श्वास घ्यायला वेळ मिळतो. वर बसून हे इतकं स्वच्छ दिसतं, टीव्हीचा कॅमेरा कायम बॉलच्या मागे असतो त्यामुळे घरी कळतच नाही. भाचा क्रिकेटवाला, त्याला मी सांगितलं, अरे बॉल बघू नकोस, ईडीला पास जायच्या आधी बाकीचे चौघं कुठं सरकतात ते बघ. दुसऱ्या हाफमध्ये तोच मला दाखवायला लागला, "मावशी, तो कोपऱ्यातला बघ, मोकळा झाला."

ईडीबद्दल भाच्याला मी एक सांगितलं ते त्याला फार भिडलं. ईडी टोरोंटोचा, म्हणजे इथं तेव्हा परदेशी विद्यार्थी. बाकीचे खेळाडू स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे कमावतात, पण स्टुडंट व्हिसावर असल्यामुळे अमेरिकेत तसं काम करायला त्याच्यावर बंधनं होती, देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरूनही. जे नियम माझ्या भाच्याला तेच त्याला. दहावीत जाईपर्यंत हा मुलगा धड बास्केटबॉल खेळलाही नव्हता, हॉकी आणि बेसबॉल खेळायचा. एनबीए ह्या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट (खेळाडूंची निवड) सोडून तो चौथ्या वर्षाला परत आला ह्याचं मोल मला वाटतं आपल्यासारख्या व्हिसाच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसांना जास्त कळतं.

मधली हवाईतली माउई स्पर्धा घरूनच बघितली. लाहायनाला ऑगस्टमध्ये भीषण आग लागली म्हणून ती यंदा होनोलुलूला हलवली होती. तीन दिवसांत तीन मॅचेस, गोंझागा 73-63, टेनेसी 71-67, मार्क्वेट 78-75, तिन्ही तगड्या टीम्स. आणि देशाच्या क्रमवारीत पहिला नंबर. त्या आठवड्यात मी ऑफिसात पर्ड्यूचं जॅकेट काढलंच नाही.

मग 1 डिसेंबर, इव्हॅन्स्टन. नॉर्थवेस्टर्नचं वेल्श-रायन अरीना आम्हाला सगळ्यात जवळ, लान्स जोन्सचं तर हे गावच. इथं गाडी नेऊ नका, शुक्रवार संध्याकाळी पार्किंग शोधण्यात जीव जातो. शिकागोतून पर्पल लाइनने सेंट्रल स्टेशनला उतरा आणि सेंट्रल स्ट्रीटवरून पश्चिमेला चालत जा, किंवा मेट्रा ह्या लोकल ट्रेनने सेंट्रल स्ट्रीटला उतरा, ते अजून जवळ. इथली वेळ मात्र सेंट्रल. सात हजारांचं छोटंसं अरीना आहे, कुठूनही छान दिसतं, आणि पर्ड्यूचे लोक भरपूर येतात, परक्यासारखं वाटत नाही.

हरलो. ओव्हरटाइममध्ये 92-88. फेब्रुवारीतही पहिल्या नंबरवर असताना ह्याच इमारतीत हरलो होतो, तेव्हाही कोर्टवर मुलं धावून आली, आताही. ईडीचे 35 पॉइंट्स, 14 रिबाउंड्स (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल), आपल्याला 46 फ्री थ्रो आणि त्यांना 8, त्यावरून त्यांचे कोच क्रिस कॉलिन्स इतके चिडले की शेवटी बाहेर काढले गेले, आणि तरीही आपण हरलो, ह्यातच काय ते आलं. त्यांचा गार्ड बू बुईने 31 मारले. त्याला अडवायला आपल्याकडे कुणीच नव्हतं, स्मिथ नाही, जोन्ससुद्धा नाही, आणि आपले पास मध्येच हातातून जात होते, कोलंबसला गेले तसे. परतीच्या ट्रेनमध्ये आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. पण मला वाटतं ही मॅच बघितली हे बरं झालं, कारण माउईनंतर मी समजायला लागले होते की सगळं सुटलं. बाहेरगावच्या मॅचला जाणाऱ्यांना एक सांगेन, कोर्टवर धावणारी गर्दी खाली उतरते तेव्हा जिन्यात उभं राहू नका, जागेवरच पंधरा मिनिटं बसा आणि मग निघा.

त्यानंतर घरच्या कोर्टवर आयोवाला 87-68, मग टोरोंटोत अलाबामाला 92-86, ईडीने स्वतःच्या गावात आईसमोर 35 मारले. आणि 16 डिसेंबरला इंडियानापोलिस, गेनब्रिज फील्डहाऊस, समोर पहिल्या नंबरची अॅरिझोना.

नेपरव्हिलहून तीन तास, शनिवार होता म्हणून रस्ता मोकळा. भाचा लाफायेटहून मित्रांबरोबर आला, तिथून तासभरच आहे. हे एनबीएतल्या पेसर्स टीमचं अरीना, मॅकीपेक्षा मोठं, डाउनटाउनच्या मधोमध. पार्किंग फोनवरून आधीच बुक करून ठेवा. ह्या मॅचच्या तिकिटाला मात्र मोरहेडच्या कितीतरी पट पैसे गेले, वरच्या मजल्यावरची जागा असूनही, आणि इथं थांबून भाव उतरला नाही, उलट चढला. मोठ्या मॅचची तिकिटं तारीख जाहीर झाली की घेऊन टाका. मॅचनंतर मॉन्युमेंट सर्कलला चालत जा, डिसेंबरभर त्या उंच स्तंभावर वरपासून खालपर्यंत दिव्यांच्या माळा सोडलेल्या असतात, आमच्याकडून दिवाळी घाईत झाली होती ती तिथं पुरी झाल्यासारखी वाटली.

92-84 जिंकलो. पण कसे ते महत्त्वाचं. लॉयर 27, स्मिथ 26, ईडी 22. गार्ड्सनी जिंकून दिलेली मॅच! अॅरिझोनाकडे उमर बॅलोसारखा धिप्पाड माणूस, ईडीला अडवायला आणखी हात मदतीला येत होते, आणि ह्या वेळी बाहेरच्यांनी मारलं. लॉयर, ज्याच्यावर कोलंबसनंतर लोक काय काय बोलले, तो एकामागून एक घालत होता आणि मला भर गर्दीत रडू आलं, शेजारच्या आजींनी, पर्ड्यूची ब्लॅक-गोल्ड टोपी, वय सत्तरच्या पुढे असेल, माझा हात धरला आणि त्यांचेही डोळे भरलेले. त्यांनी विचारलं कोलंबसला होतात का, मी म्हटलं नाही, घरी होते. त्या म्हणाल्या, मी होते.

हे लिहितेय 18 डिसेंबर 2023 ला: आता अकरापैकी 10 जिंकलो, 1 हरलो, आणि आज सोमवारी परत पहिला नंबर. 21 ला जॅक्सनव्हिल आणि 29 ला ईस्टर्न केंटकी, दोन्ही मॅकीत, विद्यार्थी सुट्टीवर गेलेले असतात त्यामुळे आवाज थोडा कमी पण तिकिटं मिळतील, मुलांना घेऊन जायचं असेल तर सुट्टीतल्या अशाच मॅचेस बघा. 2 जानेवारीला मेरीलँडपासून बिग टेन (पर्ड्यूची लीग) पुन्हा सुरू, 5 ला इलिनॉय मॅकीत. भाच्याने 29 ची तीन तिकिटं काढलीत, पारदर्शक बॅग मी काल दुकानातून आणली, आणि लाडू परत करायला बेसन भाजायच्या आधी त्याला फोन करून विचारायचंय की ह्यावेळी मित्रांसाठी किती लागतील.