नऊ जण आणि एक कॉफी

आज फ्लॉरेन्सहून पिसा आणि लुक्का. आम्ही नऊ जण, त्यात दोघी सत्तरी ओलांडलेल्या. रोम-फ्लॉरेन्स वेगवान गाडीची तिकिटं मी दोन महिने आधीच काढली होती, कारण तिथे सीट ठरलेली असते आणि उशीर कराल तसा दर चढतो. आजची मात्र साधी 'रेजिओनाले'. आरक्षण नाही, भाडं ठरलेलं. म्हणून मी निर्धास्त!

सांता मारिया नोव्हेला स्टेशनवर नऊ कागदी तिकिटांवर मशीनमध्ये शिक्का मारत होते (न मारता चढलात तर दंड), तेवढ्यात काकांना कॉफीची तल्लफ आली. गाडी गेली. त्याच तिकिटांवर पुढची मिळाली म्हणून निभावलं. वेगवान गाडी असती तर मी काकांशी बोलले नसते.

पिसात मनोऱ्याला 'टेकू देणारे' फोटो काढण्यात दीड तास गेला. अर्ध्या तासावरच्या लुक्कात, चार किलोमीटरच्या तटबंदीवर झाडांच्या सावलीत चालताना सासूबाई म्हणाल्या, "अगं, आधी इथेच आणायचंस ना!"

परवा बोलोन्या, तेही वेगवान गाडीने. काकांना वेळ वीस मिनिटं आधीची सांगितली आहे. कुणी फोडू नका.