ओल इथे, गळती कुठे?

'भिंतीला ओल आलीय, पाणी कुठून येत असेल?' मी नळकाम करतो म्हटल्यावर हा प्रश्न येतोच, आणि त्यासोबत मोबाइलवर काढलेला फोटोही. फोटोत फुगलेला रंग, सुटलेले पोपडे, पिवळट कडेचा डाग. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फोटोवरून गळतीची जागा सांगता येत नाही. पाणी एकदा लादीखालच्या भरावात शिरलं की उतार मिळेल तिकडे सरकतं, पाइपाच्या अंगाअंगानं जातं आणि स्लॅबला जिथे बारीकशी फट सापडेल तिथून खाली उतरतं. त्यामुळे डाग एका खोलीत आणि फुटका सांधा दुसऱ्या खोलीत, असं सर्रास होतं. म्हणून मी उलट विचारतो, ओल वाढते कधी?

याचं नीट उत्तर मिळालं तर बरंचसं काम तिथेच होतं. नळाला येणारं पाणी पाइपात कायम दाबाखाली उभं असतं. ते गळत असेल तर ओल रात्रंदिवस राहते, घर आठवडाभर बंद असलं तरी वाळत नाही. सांडपाण्याचं तसं नसतं. ते आपण ओतू तेव्हाच वाहतं, त्यामुळे त्याची ओल आंघोळी, धुणी झाल्यावर वाढते आणि घर बंद राहिलं की मागे हटते. फक्त पावसात दिसणारी ओल बहुतेक वेळा गच्चीची किंवा बाहेरच्या भिंतीच्या भेगांची असते, तिथे नळकाम करणाऱ्याला बोलावून उपयोग नाही. आणि कधीकधी गळती नसतेच, कोंदट खोलीतली वाफ गार भिंतीवर धरते. शंका असेल तर प्लास्टिकचा एक तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दिवसभर ठेवा. पाणी प्लास्टिकच्या बाहेरच्या अंगाला जमलं तर ते हवेतलं, आतल्या अंगाला जमलं तर भिंतीतून येतंय.

दाबाच्या पाइपांची तपासणी घरच्या घरी होते. सगळे नळ बंद करा, मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि दोन तास कुणालाही पाणी वापरू देऊ नका. आकडा हलला तर गळती आहे. घराला वरच्या टाकीतून पाणी येत असेल तर मीटर आतल्या पाइपांबद्दल काही सांगणार नाही. तेव्हा रात्री टाकीत येणारं पाणी बंद करून पातळीवर खूण करा आणि सकाळी बघा. पातळी उतरली असेल तर पुढची पायरी म्हणजे गीझरला जाणाऱ्या गार पाण्याचा कॉक बंद करून तीच तपासणी पुन्हा करायची. आता पातळी स्थिर राहिली, तर गळती गीझरमध्ये किंवा गरम पाण्याच्या लाइनीत आहे. भिंतीला हातोडा न लावता निम्मे पाइप संशयातून सुटतात.

पण भिंत फोडायच्या आधी फ्लशची टाकी बघायलाच हवी. तिच्या तळाचा रबर झिजला की पाणी भांड्यात आवाज न करता उतरत राहतं आणि मीटर फिरतो. टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर रबर बदला, किंवा आधी त्याखालची बैठक घासून बघा, कारण तिथे क्षार बसले की नवा रबरही नीट टेकत नाही.

सांडपाण्याची तपासणी वेळखाऊ आहे, आणि इथेच घाई होते. बाथरूमखाली ओल दिसली की पूर्ण फरशी उखडायचा सल्ला देणारा कारागीर मला पटत नाही. त्याआधी तीन दिवस द्या आणि रोज एकच गोष्ट तपासा. पहिल्या दिवशी लादी कोरडी ठेवून बादलीभर पाणी सरळ जाळीच्या आत सावकाश ओता. ओल वाढली तर ट्रॅपचा, म्हणजे जाळीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या भागाचा, किंवा त्यापुढच्या पाइपाचा सांधा सुटलाय. दुसऱ्या दिवशी जाळीवर ओला बोळा दाबून लादीवर थोडं पाणी काही तास साचू द्या. यात वाढली तर दोष लादीच्या सांध्यांत किंवा खालच्या वॉटरप्रूफिंगमध्ये. तिसऱ्या दिवशी फक्त भिंतीच्या टाइलवर शॉवर मारा. भरावात साठलेलं पाणी सावकाश झिरपतं, म्हणून प्रत्येक वेळी दुसऱ्या सकाळपर्यंत थांबायचं. नुसते सांधे भरून भागणार असेल, तर अख्खी बाथरूम फोडण्याचा खर्च, धूळ आणि मनस्ताप कुणाच्याच वाट्याला येऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

कारण सापडेपर्यंत भिंतीला रंग किंवा ओलरोधक लेप लावू नका. पाणी आत कोंडतं आणि शेजारून बाहेर येतं. ओल स्विचबोर्डाजवळ असेल तर मात्र या सगळ्याच्या आधी तिथला वीजपुरवठा मुख्य स्विचवरून बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

याच ओघात आणखी दोन प्रश्न असतात. न वापरलेल्या बाथरूमला वास येतो, कारण ट्रॅपमध्ये उभं राहणारं पाणी उडून जातं आणि गटाराच्या हवेला वाट मिळते. आठवड्याला तांब्याभर पाणी ओतलं तरी पुरतं. एकाच नळाची धार बारीक झाली असेल तर तोंडाची जाळी काढून व्हिनेगरमध्ये भिजवा, क्षार सुटतात.

तुंबलेल्या मोरीत मात्र ॲसिड आणि ब्लीच एकापाठोपाठ एक कधीही ओतू नका. दोन्ही मिळून क्लोरीन वायू तयार होतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. पावडर किंवा ॲसिड आधीच ओतून झालं असेल तर पाइप उघडायला येणाऱ्याला ते दारातच सांगा. त्याचे हात आणि डोळे त्याच पाण्यासमोर असतात.

आणि आज एवढं करा: घरातला मुख्य कॉक शोधून पूर्ण बंद होतो का बघा. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक जाम होतो. अडला तर पान्ह्यानं जोर लावू नका, दांडा तुटून पाणी आवरेनासं होईल. सवडीनं बदलून घ्या. वर्षातून दोनदा सगळे कॉक बंद-चालू करा, आणि त्याच वेळी बेसिन व गीझरखालच्या लवचीक नळ्यांवरून हात फिरवा. जाळीवर गंज किंवा फुगवटा लागला की नळी बदलायची, गळेपर्यंत थांबायचं नाही.

यानंतरही गळती सापडली नाही तर मला नक्की बोलवा. फक्त फोन करताना ओल कधी वाढते, मीटर हललं का आणि तिन्ही दिवसांत काय दिसलं, एवढं कागदावर लिहून ठेवा.