तुम्ही विचारलंत म्हणून: मेक्सिको, १९४६

कंपनीच्या कामासाठी मी अडीच वर्षं मेक्सिको सिटीत होतो. परत आल्यापासून एक प्रश्न काही पिच्छा सोडत नाही. दिवाळीत मावसभाऊ विचारतो, ऑफिसातली मुलं विचारतात, परवा तर दातांच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असतानाच विचारलं: "तुम्ही बेसबॉलचं वेड घेऊन आलात, ठीक आहे. पण अमेरिकेचं सोडून मेक्सिकोचं? आणि त्यातही सारखं ते १९४६? अमेरिकेतले खेळाडू पळवायचा तो डाव तर फसला ना शेवटी?"

फसला, खरंय. पण सांगतो.

आमचं ऑफिस होतं त्या भागात, कुआउतेमोक हमरस्त्यावर, पार्के देल्ता नावाचा एक मॉल आहे. नेहमीसारखाच मॉल: वर सिनेमा, खाली बुटांची दुकानं. नावात 'पार्के', म्हणजे बाग, का, असं एकदा सहज एका सहकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, इथे बेसबॉलचं मैदान होतं. आधी देल्ता, मग १९५५मध्ये त्याच जागी नवं स्टेडियम, आणि तेही पाडून हा मॉल. त्या दिवशी मी बुटांच्या एका दुकानासमोर उभा राहून होम प्लेट, म्हणजे बॅट घेऊन उभं राहायची जागा, कुठे असेल याचा अंदाज बांधत बसलो. दुकानातल्या मुलीला वाटलं, मला नंबर सापडत नाहीये.

१९४६च्या वसंतात याच जागेवर न्यूयॉर्क, ब्रुकलिन आणि सेंट लुईसच्या संघांतून आलेले गोरे खेळाडू उतरले. त्यांना आणणारा माणूस म्हणजे होर्हे पास्केल. व्हेराक्रूझचा बडा व्यापारी, १९४०पासून व्हेराक्रूझ संघाचा मालक आणि आता मेक्सिकन लीगचा अध्यक्षही. संघाचं नाव व्हेराक्रूझ, पण सामने राजधानीत, याच देल्तावर. पास्केलचा बालमित्र मिगेल आलेमान त्याच वर्षी देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. मॉलच्या अंगावरून जो मोठा रस्ता जातो त्याला आलेमानचंच नाव आहे. मैदान गेलं, मित्राचा रस्ता राहिला.

अमेरिकेत तेव्हा रिझर्व्ह क्लॉज नावाची गोम होती. करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क क्लबकडेच. क्लब देईल त्या पगारावर सही करायची, नाहीतर घरी बसायचं. दुसऱ्या क्लबकडे जायची सोय नव्हती. युद्ध संपून मोठमोठे खेळाडू सैन्यातून परतत होते आणि युद्धकाळात ज्यांनी संघ चालवले त्यांची किंमत उतरत होती. पास्केलने नेमकी हीच वेळ साधली. डॅनी गार्डेलाने १९४५मध्ये न्यूयॉर्क जायंट्ससाठी १८ होमरन (आपल्या षटकारासारखे फटके) मारले होते. क्लबने पुढच्या वर्षासाठी ५ हजार डॉलर देऊ केले. त्याने सही केली नाही आणि मेक्सिकोला निघून गेला. ब्रुकलिनचा कॅचर, म्हणजे यष्टिरक्षकासारखा, मिकी ओवेन गेला. सेंट लुईसचा पिचर, म्हणजे गोलंदाज, मॅक्स लॅनिअर त्या मोसमातले सहाच्या सहा सामने जिंकलेला असताना गेला (बेसबॉलमध्ये जिंकलेला सामना पिचरच्या नावावर लिहितात). स्टॅन म्युझियल या बड्या फलंदाजापुढेही पैसे ठेवले होते, तो गेला नाही. व्हर्न स्टीफन्स गेला, दोन सामने खेळला आणि परत फिरला.

जायंट्सचा पिचर सॅल मॅग्लीचा किस्सा मला सगळ्यात आवडतो. सराव शिबिरात जायंट्सच्या दोन खेळाडूंनी त्याच्या हॉटेलच्या खोलीतून पास्केलला फोन लावले. मॅनेजर मेल ऑटला सुगावा लागला आणि खोली मॅग्लीची म्हणून फितुरीचा ठपका त्याच्यावर आला. मग तोही गेला.

अमेरिकन बेसबॉलचे कमिशनर, म्हणजे सर्वोच्च प्रशासक, हॅपी चँडलर यांनी जाणाऱ्यांवर पाच वर्षांची बंदी जाहीर केली. इथे आल्यावर सगळे लगेच म्हणतात, "म्हणजे पॅकर!" हो, १९७७मध्ये क्रिकेटपटू फोडणाऱ्या केरी पॅकरसारखंच. फक्त तीस वर्षं आधी.

मोसम मात्र सोपा नव्हता. मेक्सिको सिटी २,२४० मीटर उंचीवर. तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे पाचव्या हिश्श्याने विरळ, म्हणून कर्व्हबॉल, म्हणजे हवेत वळणारा चेंडू, वळायलाच तयार नसतो आणि बॅटवर बसलेला चेंडू थांबायला तयार नसतो. पुढचा सामना टँपिकोला, म्हणजे थेट समुद्रकाठी, दमट उकाड्यात. तिथल्या मैदानाच्या आउटफिल्डमधून रेल्वेचे रूळ गेले होते. मालगाडी आली की खेळ थांबवायचा, गाडी जाऊ द्यायची आणि मग पुढचा चेंडू. (आपल्याकडे गाय आली की थांबतो, त्यापेक्षा हे बरंच शिस्तीचं.) त्या वर्षीचं विजेतेपद याच रूळवाल्या टँपिकोने पटकावलं. पास्केलचे पैसे बघत राहिले.

ओवेन ऑगस्टमध्येच सीमा ओलांडून परतला. मॅग्ली मात्र पुएब्ला शहराच्या संघात टिकला. तिथला मॅनेजर क्यूबाचा डॉल्फ लुके. पुएब्लाही उंचावरच, तेव्हा तिथे कर्व्ह वळवायचा तर मनगट आणि बोटं वेगळीच कामाला लावावी लागतात. ज्याचा चेंडू तिथे वळला त्याचा खाली उतरल्यावर किती वळेल, याचा हिशेब तुम्हीच करा.

इथपर्यंत ही गोष्ट कुणीही सांगतं: हौशी श्रीमंत, पळालेले खेळाडू, बंदी. मी १९४६ला चिकटलो ते दुसऱ्याच कारणाने. त्या गोऱ्या खेळाडूंना ज्या ड्रेसिंग रूम मिळाल्या तिथे आधीपासून काही माणसं बसलेली होती.

कूल पापा बेलने १९४०मध्ये या लीगमध्ये .४३७ची सरासरी काढली होती, म्हणजे शंभर प्रयत्नांत जवळपास ४४ यशस्वी फटके. जॉश गिब्सनने १९४१मध्ये व्हेराक्रूझकडून ९४ सामन्यांत ३३ होमरन ठोकले. विली वेल्सने तर एका पत्रकाराला सांगितलं होतं की इथे मेक्सिकोत मी माणूस आहे. हे सगळे काळे. अमेरिकेच्या मेजर लीगची, म्हणजे सर्वोच्च पातळीच्या बेसबॉलची, दारं त्यांना बंद होती, म्हणून काळ्यांची वेगळी निग्रो लीग आणि मेक्सिको. त्यांच्यातलाच क्विन्सी ट्रूप तर सांगायचा की युद्धात त्याला आणि आणखी एका पिचरला मेक्सिकोत येऊ द्यावं म्हणून बदल्यात ८० हजार मेक्सिकन मजूर अमेरिकेला देण्यात आले. कहाणीत मीठमसाला असेलही. पण ती रंगवून सांगावीशी वाटली, यातच काय ते आलं.

चँडलरच्या बंदीने या माणसांचं काय वाकडं झालं? काहीच नाही. ज्यांना उंबऱ्याच्या आत कधी घेतलंच नाही, त्यांना बाहेर काय काढणार?

गार्डेला परतला तेव्हा कुठे खेळायची सोय उरली नव्हती. त्याच्याबरोबर मैदानात उतरणाऱ्यालाही बंदीची भीती. त्याने इस्पितळात वॉर्डबॉयचं काम धरलं आणि बेसबॉलच्या मालकांवर खटला भरला. फेब्रुवारी १९४९मध्ये अपील न्यायालयाने दावा चालवण्याजोगा ठरवला. न्या. जेरोम फ्रँक यांनी लिहिलं त्याचा आशय असा, की पगार भरपूर मिळतो म्हणून गुलामी माफ होत नाही. चार महिन्यांत चँडलरनी बंदी उठवली. गार्डेलाने तडजोड केली, आकडा ६० हजार डॉलरचा सांगतात. १९५०मध्ये सेंट लुईसने त्याला घेतलं, एकदाच बॅटिंग दिली, आणि संपलं.

मालक तोवर थोडे वरमले होते. १९४६ संपायच्या आत ५ हजारांचा किमान पगार मान्य झाला, पाठोपाठ पेन्शन आलं. त्यात संघटना बांधू पाहणाऱ्या खेळाडूंचाही वाटा होता, सगळं श्रेय पास्केलला नको. तो १९५५मध्ये विमान अपघातात गेला.

आता तुमच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर. बंदी उठल्यावर मॅग्ली १९५०मध्ये जायंट्सकडे परतला आणि १८ सामने जिंकून फक्त ४ हरला. तो कर्व्ह पुएब्लातला. रे डँड्रिज हा तिसऱ्या बेसवर फील्डिंग करणारा काळा खेळाडू, मेक्सिकोत त्याच लीगमध्ये वर्षानुवर्षं खेळलेला. त्याच्यावर कसलीच बंदी नव्हती. जॅकी रॉबिन्सनने काळ्या खेळाडूंसाठी ब्रुकलिनचं, म्हणजे मेजर लीगचं, दार उघडून तीन वर्षं झाली होती. १९५०मध्ये डँड्रिज मिनिआपोलिसला होता, म्हणजे जायंट्सच्याच हाताखालच्या संघात. वय ३६. त्या वर्षी तो आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. वरून बोलावणं आलं नाही. पुढच्या वर्षीही नाही, त्यानंतरही नाही.