कोरियात मुरलेल्या मराठी माणसासाठी: एफ-५ पुरे की पासपोर्टही हवा?

दक्षिण कोरियातल्या परदेशी नोंदणी कार्डावर तेरा आकडी नंबर असतो. पहिले सहा आकडे जन्मतारखेचे. सातवा आकडा तुम्ही कोण ते सांगतो. कोरियन नागरिकांना १ ते ४, परदेशी नागरिकांना ५ ते ८. विसाव्या शतकात जन्मलेल्या परदेशी पुरुषाला ५, बाईला ६; २००० पासून पुढे जन्मलेल्यांना ७ आणि ८. इथं दोन वर्षं झाली असोत की वीस, कार्ड कायम रहिवाशाचं म्हणजे एफ-५ चं असलं तरी हा आकडा तसाच राहतो. तो बदलतो फक्त नागरिकत्व घेतल्यावर.

हे आधी सांगायचं कारण असं, की "इतकी वर्षं झाली, आता आम्ही इथलेच" हे वाक्य कोरियातल्या जुन्या भारतीयांच्या तोंडी सारखं येतं. सरकारदरबारी मात्र वर्षांपेक्षा तुमचं नाव कोणत्या नोंदवहीत आहे याला वजन आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: नोकरीसाठी आलेल्या बहुतेक मराठी कुटुंबांनी एफ-५ पर्यंत जावं आणि तिथं थांबून शांतपणे विचार करावा. पुढच्या पायरीची, म्हणजे नागरिकत्वाची, खरी किंमत कोरियाच्या बाजूला नाही, भारताच्या बाजूला मोजावी लागते.

पहिला अडथळा मात्र फारच किरकोळ वाटणारा असतो: नाव. आपल्या पासपोर्टवर बहुतेकदा स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं, आडनाव वेगळं. कोरियन कार्डावर आडनाव आधी आणि मग बाकीचं सगळं, रोमन मोठ्या अक्षरांत. बँकेच्या यंत्रणेत एवढी अक्षरं मावत नाहीत म्हणून शेपूट कापलं जातं. फोन कंपनीचा पोरगा मधली जागा गाळतो किंवा नाव आधी आणि आडनाव नंतर घालतो. आणि कोरियात ऑनलाइन काहीही करायचं, अगदी कराच्या दाखल्यापर्यंत, तर फोन नंबरवरून ओळख पटवावी लागते. नाव, जन्मतारीख आणि फोन कंपनीकडची नोंद अक्षरन्‌अक्षर जुळली नाही की "माहिती जुळत नाही" एवढंच उत्तर येतं. कुठं जुळत नाही ते कोणी सांगत नाही.

उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा आहे. आधी फोन. कार्ड घेऊन कंपनीच्या मुख्य दुकानात जा (कोपऱ्यावरच्या एजंटाकडे नको) आणि कार्डावर जसं आहे तसंच नाव, त्याच जागा सोडून, नोंदवून घ्या. मग बँक, मग विमा. क्रम उलटा केलात तर बँकेचं ॲप पुन्हा फोनवरच अडतं. पासपोर्ट नवा झाला की नंबर बदलतो, तोही इमिग्रेशनला ठरलेल्या मुदतीत कळवावा लागतो, आणि घर बदललं तर नवा पत्ता साधारण पंधरवड्याच्या आत. या दोन बारीक कामांतला दंड पुढं एफ-५ च्या अर्जावेळी फाइलमध्ये दिसतो.

महाराष्ट्रातल्या लोकांची आणखी एक खास गंमत आहे. पुणे-मुंबईच्या विद्यापीठांच्या कागदांवर आडनाव आधी असतं, आणि बऱ्याच पदव्यांवर आईचंही नाव छापलेलं असतं. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईच्या पदवीवर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं. कोरियन अधिकाऱ्याला ही तीन वेगळी माणसं वाटली तर त्याचा दोष नाही. अपोस्टिल (कागद परदेशात खरा मानला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का) केलेल्या पदवीबरोबर "ही एकच व्यक्ती" असं प्रतिज्ञापत्र आणि विवाह नोंदणीचा दाखला, दोन्ही कोरियन भाषांतरासह, आधीच तयार ठेवा. अपोस्टिल दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा लागतो आणि त्याआधी राज्य पातळीवरचं साक्षांकन. हे सोलमध्ये बसून होत नाही, त्यामुळे सुट्टीवर जाल तेव्हा उरकून घ्या.

आता नोंदवहीचा मुद्दा. २००८ साली कोरियाने बहुसांस्कृतिक कुटुंबांना आधार देणारा कायदा केला. भाषावर्ग, समुपदेशन, मुलांच्या अभ्यासाला मदत असं बरंच त्यात येतं. पण कायद्याच्या व्याख्येत कुटुंबातला एक जण कोरियन नागरिक असावा लागतो, जन्माने किंवा नंतर झालेला. दोघंही भारतीय असलेलं जोडपं, मुलं कोरियन शाळेत जात असली तरी, त्या व्याख्येत बसत नाही. आणि कोरियन माणसाशी लग्न केलेल्यांचं तरी सगळं सुरळीत होतं असं नाही: २०१८ पर्यंत परदेशी नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव घरच्या रहिवासी नोंदीच्या उताऱ्यावर आपोआप येतच नसे. कागदावर आई नसलेली घरं होती ती.

२०२० च्या मे महिन्यात कोरोनाची मदत वाटली तेव्हा हे चव्हाट्यावर आलं. एफ-५ आणि लग्नाच्या एफ-६ व्हिसावाल्यांना पैसे मिळाले. तितकाच कर आणि आरोग्य विम्याचा हप्ता भरणाऱ्या नोकरदार परदेशी माणसाला नाही. मान्यताप्राप्त निर्वासितांनाही वगळलं होतं, आणि ते घटनाबाह्य होतं असा निकाल घटना न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये दिला. नोकरदारांसाठी मात्र तसा निकाल नाही. "आपण इथले का?" या प्रश्नाचं इतकं रोखठोक उत्तर एरवी मिळत नाही.

मग एफ-५ कडे कसं जायचं? बहुतेक जण ई-७ नोकरीच्या व्हिसावर असतात. तिथून सरळ पाच वर्षांनी अर्ज करता येतो, किंवा मध्ये गुणांवर मिळणारा निवासाचा व्हिसा, एफ-२-७, घेऊन. त्याला किमान ८० गुण लागतात: वय, शिक्षण, उत्पन्न आणि कोरियन भाषा. पहिल्या तीन गोष्टींत आयत्या वेळी फारसं काही करता येत नाही. भाषेत येतं.

म्हणून सामाजिक एकात्मता कार्यक्रम, ज्याला इथं सगळे केआयआयपी म्हणतात, तो पहिल्याच वर्षी सुरू करा. २००९ पासून न्याय मंत्रालय तो चालवतं. शून्य ते पाच पायऱ्या. शून्यावर १५ तास, एक ते चार प्रत्येकी १०० तास, पाचवी पायरी ७० तास मूलभूत आणि ३० तास प्रगत. सुरुवातीला पात्रता चाचणी होते, लेखी आणि तोंडी, १०० गुणांची. तोंडीत ३ पेक्षा कमी मिळाले तर लेखी कितीही छान असो, रवानगी शून्यावर. टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेची चौथी पातळी हातात असेल तर चाचणी न देता थेट पाचवीत बसता येतं. ज्यांना वाचता येतं पण बोलताना ततपप होतं, असे आपल्या आयटीवाल्यांत पुष्कळ. त्यांच्यासाठी हा रस्ता फार सोयीचा.

बिघडतं ते हजेरीत. ८० टक्के भरली नाही तर पायरी मोजली जात नाही. १०० तासांत २० तास चुकवता येतात, आणि कंपनीचा एक दौरा आणि एक दिवाळी मिळून ते सहज संपतात. शनिवार-रविवारचे आणि संध्याकाळचे ऑनलाइन वर्ग नोंदणी उघडल्यावर काही मिनिटांत भरतात. त्यामुळे तारीख कॅलेंडरवर टाकून, लॉग-इन आधीच तपासून बसा. (इथं पुन्हा तीच ओळख पटवण्याची पायरी येते, तेव्हा फोनचं काम झालेलं असू द्या.) पाचवीनंतर सर्वंकष परीक्षा, १०० पैकी ६० ला उत्तीर्ण. कायम वास्तव्यासाठीची वेगळी आणि नागरिकत्वासाठीची वेगळी. अर्ज कशाचा करायचा ते ठरलेलं नसेल तर नागरिकत्वाची द्या. ती थोडी कठीण, पण दोन्हीकडे चालते.

उत्पन्नाची अट जास्त जाचक. नोकरदारांच्या नेहमीच्या वर्गांत मागच्या वर्षीच्या दरडोई राष्ट्रीय उत्पन्नाच्या दुप्पट कमाई दाखवावी लागते. हा आकडा बँक ऑफ कोरिया दरवर्षी जाहीर करते आणि तो सरकतो, म्हणून मित्राचं तीन वर्षांपूर्वी कितीवर काम भागलं ते विचारू नका. धरलं जातं ते करखात्याच्या दाखल्यावरचं उत्पन्न. कंपनीने परस्पर भरलेलं घरभाडं किंवा भारतातल्या फ्लॅटचं भाडं त्यात येत नाही. मागच्या वर्षीचा दाखला जानेवारीत निघत नाही, उन्हाळ्याच्या तोंडाशी निघतो. ज्यांची पगारवाढ नुकतीच झाली आहे त्यांनी थांबावं, आणि नोकरी बदलायची असेल तर हे वर्ष सोडून.

आणि एक चूक कधीच करू नका: दोन नोकऱ्यांच्या मधल्या काळात भारतात जाताना विमानतळावर कार्ड परत करणं. सलग वास्तव्याची मोजणी तिथं तुटायला लागते. नोकरी शोधण्याचा डी-१० व्हिसा याच खिंडीसाठी आहे.

एफ-५ मिळाल्यावर नोकरी बदलायला परवानगी लागत नाही, धंदा करता येतो, कार्ड दहा वर्षांनी नवं करायचं. इतर व्हिसावाल्यांना एक वर्षाच्या आत परतावं लागतं, एफ-५ ला दोन वर्षं. आईवडिलांच्या आजारपणासाठी गावी जाऊन राहिलेली माणसं याच मुदतीवर एफ-५ घालवून बसतात. मध्ये चार दिवसांसाठी का होईना, येऊन जा. एफ-५ ला तीन वर्षं झाली की स्थानिक निवडणुकीत मत देता येतं. २००६ पासून, आणि आशियात हे पहिल्यांदा कोरियाने केलं. महापौर, प्रांताचा गव्हर्नर, नगरसेवक निवडता येतात. राष्ट्राध्यक्ष आणि संसद नाही.

इथं थांबायचं की पुढं जायचं? सर्वसाधारण नागरिकत्वाला पाच वर्षांचं वास्तव्य लागतं आणि डिसेंबर २०१८ पासून हातात एफ-५ ही लागतं. कोरियन जोडीदार असेल तर एफ-५ लागत नाही, लग्न टिकून असताना दोन वर्षांचं वास्तव्य पुरतं. फी ३ लाख वोन. निकालाला वर्षाहून जास्त लागतं, तेव्हा मधल्या काळात व्हिसाची मुदत सांभाळावी लागते. वर्ग न करता थेट परीक्षा दिलेल्यांना मुलाखत असते, तिथं राष्ट्रगीत म्हणायला सांगतात. चार कडवी आहेत. निदान पहिलं तोंडपाठ हवं. शेवटी शपथ आणि प्रमाणपत्र.

लग्नामुळे नागरिक झालेल्यांना "कोरियात परकं नागरिकत्व वापरणार नाही" असं लिहून देऊन मूळ नागरिकत्व ठेवता येतं. व्हिएतनामी किंवा फिलिपिनो मैत्रिणीकडून हे ऐकून बऱ्याच भारतीय बायकांना वाटतं आपलंही तसंच. नाही. १९५५ च्या भारतीय नागरिकत्व कायद्यानुसार दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतल्या क्षणी भारतीय नागरिकत्व संपतं. कोरियाने परवानगी दिली तरी भारत देत नाही. त्या दिवसापासून भारतीय पासपोर्टवर प्रवास केला तर दंड. पासपोर्ट वकिलातीत जमा करून समर्पणाचा दाखला घ्यायचा, कोरियाला तो एका वर्षात दाखवायचा, मग रहिवासी नोंदणी, मग कोरियन पासपोर्ट, मग भारताचा व्हिसा किंवा ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारत देतो ते कार्ड). या मधल्या आठवड्यांत तातडीने गावी जायची वेळ आली तर हातात चालणारा पासपोर्टच नसतो. घरी कोणी आजारी असेल तर अर्जाची वेळ जपून निवडा.

ओसीआय असलं की येणं-जाणं, राहणं, फ्लॅट घेणं यात अडचण नाही. मत नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने येते, खरेदीने नाही. सातबाऱ्यावर नाव असलेल्यांनी, भावकीत वाटणी बाकी असलेल्यांनी, शेजारचा तुकडा घ्यायचा विचार असलेल्यांनी आधी ते व्यवहार उरकावेत आणि मग सोलमध्ये अर्ज टाकावा. या एका कारणासाठी एफ-५ वर थांबलेलं माणूस मला भावनिक वाटत नाही, व्यवहारी वाटतं.

नागरिक झालेल्यांची दुसरी सोय मात्र मजेशीर आहे. कोरियन आडनावाला मूळ गाव जोडलेलं असतं, आणि नवा नागरिक कौटुंबिक न्यायालयात अर्ज करून स्वतःचं नवं कुळ काढू शकतो. जर्मनीत जन्मलेले आणि पुढं पर्यटन महामंडळाचे प्रमुख झालेले ई चाम "जर्मन ई" कुळाचे पहिले पुरुष. अमेरिकन रॉबर्ट हॉली "योंगदो हा" झाले, बुसानच्या योंगदो भागावरून. भारतातून आलेले प्राध्यापक रॉय आलोक कुमार २०११ मध्ये एक लाखावे नवे नागरिक ठरले, तेव्हा त्यांना कोरियात येऊन तीस वर्षं झाली होती. आणि गिम्हे गावचं हॉ कुळ तर आपली मूळ आई असलेली राणी आयुता नावाच्या देशातून समुद्रमार्गे आली असं अभिमानाने सांगतं. अनेक जण तो देश म्हणजे अयोध्या मानतात. दंतकथाच, पण परक्या राणीचं कौतुक करणाऱ्या याच देशात २०२१ साली कायम रहिवाशांच्या इथं जन्मलेल्या काही मुलांना सोप्या रीतीने नागरिकत्व देण्याचा मसुदा आला, तेव्हा त्याविरुद्धच्या अर्जावर ३ लाखांहून जास्त सह्या पडल्या. मसुदा बारगळला.

त्यामुळे मुलांचं आपणच बघावं लागतं. दोन्ही पालक भारतीय असतील तर कोरियात जन्मलेलं मूल कोरियन होत नाही, आणि कोरियन जन्मनोंदीतही जात नाही. रुग्णालयाचा जन्मदाखला एवढाच कागद हातात. वकिलातीत एका वर्षाच्या आत नोंद केली नाही तर भारतीय नागरिकत्वासाठी केंद्र सरकारची परवानगी मागत बसावं लागतं. पण खरी घाई वेगळीच आहे: जन्मापासून ९० दिवसांत बाळाला कोरियात राहण्याचा दर्जा मिळवायचा असतो आणि त्यासाठी बाळाचा पासपोर्ट लागतो. पासपोर्ट यायला उशीर होत असेल तर मुदत संपायच्या आत वकिलातीची पावती घेऊन इमिग्रेशनला गाठा, नंतर नाही. पासपोर्टच्या अर्जात नाव ठरलेलं लागतं, म्हणून आजी भारतातून येईपर्यंत बारसं थांबवलं तरी नाव थांबवू नका.