मावशीची गाठ आणि ते जर्मन मेडिसिन

आमच्याकडे लहानपणी जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. जर्मनचा टोप, जर्मनचं पातेलं, पोचे पडलेलं, दूध तापवायचं. त्यामुळे मावशीने फोनवर "अगं ते जर्मन मेडिसिन ऐकलंयस का" विचारलं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर आधी तो टोपच आला.

मावशीच्या डाव्या स्तनात गाठ निघाली होती, बायॉप्सी झाली होती, ऑपरेशनची तारीख मिळायची होती, आणि तेवढ्यात कुणीतरी तिला एका ऑनलाइन सल्लागार बाईंचा नंबर दिला. त्या बाईंनी व्हिडिओ कॉलवर तिला टाळी वाजवायला लावली. खरंच. वाजवताना उजवा हात वर आला म्हणजे तुम्ही उजव्या, मग डाव्या स्तनातली गाठ म्हणजे मुलाची काळजी, उजव्या स्तनातली असती तर नवऱ्याशी वगैरे काहीतरी. आता दादा कॅनडाला गेल्यापासून मावशी खचलीय हे अख्ख्या गल्लीला माहितीये, तिला लगेच पटलं. कापाकापी नको, मनातली गाठ सुटली की अंगातली सुटते.

मी त्या रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसले. हे सगळं राइक गेर्ड हामर नावाच्या एका जर्मन डॉक्टरचं. त्याच्या गोष्टीची सुरुवात वाचून वाईटच वाटतं. १९७८ च्या ऑगस्टमध्ये कॉर्सिकाजवळच्या एका बेटावर इटलीच्या शेवटच्या राजाच्या मुलाचं दुसऱ्याच कुणाशी तरी भांडण झालं, गोळी सुटली आणि जवळच्या बोटीत झोपलेल्या हामरच्या १९ वर्षांच्या मुलाला, डिर्कला लागली. पोरगा डिसेंबरमध्ये गेला. नंतर हामरला स्वतःला वृषणाचा कॅन्सर झाला, आणि त्याने ठरवलं की धक्क्यामुळेच झाला, मग ठरवलं की सगळ्यांनाच तसाच होतो. स्वतःचं मात्र ऑपरेशन करून घेतलं होतं बरं का. मेंदूच्या सीटी स्कॅनवर दिसणारी गोल वलयं त्याचा पुरावा, जी रेडिओलॉजिस्टांच्या मते मशीनचाच दोष असतात. पेशंट खालावला तर तो "बरं होण्याचा टप्पा", म्हणजे हरायची सोयच नाही. मॉर्फिनला पण विरोध, लोक तळमळत गेले. १९८६ मध्ये लायसन्स काढून घेतलं. १९९५ मध्ये ऑस्ट्रियातलं एक जोडपं किडनीचा कॅन्सर झालेल्या ६ वर्षांच्या मुलीला घेऊन त्याच्याकडे स्पेनला पळालं, कोर्टाने मुलीचा ताबा काढून घेतला, शेवटी केमो आणि ऑपरेशन झालं आणि ती वाचली.

इथपर्यंत मला वाटत होतं, दुःखाने डोकं फिरलेला माणूस. पण मग दिसलं की त्याने नाव ठेवलंय *जर्मॅनिक* न्यू मेडिसिन, म्हणजे देशाचं नाही, वंशाचं नाव. आणि म्हणणं काय, तर केमो हा ज्यूंचा इतरांना मारायचा कट आहे, ते स्वतः मात्र गुपचूप याचीच पद्धत वापरतात.

मला आधी वाटलं हा द्वेष वरून चिकटवलाय, खरवडला तर खाली निदान साधी भोंदूगिरी उरेल. पण नाही हो. जगातले लाखो डॉक्टर तुमचं ऐकत नाहीत, आता याचं काहीतरी कारण सांगावंच लागतं ना, एकतर तुम्ही चुकताय किंवा ते सगळे कुणाच्या तरी सांगण्यावरून खोटं बोलतायत. तो कुणीतरी लागतोच, नाहीतर डोलारा पडतो. आणि जर्मनीत तो कुणीतरी आधीपासून तयारच होता, ज्यू. ज्यूंविरुद्ध विष ओकणारा नाझी यूलियस श्ट्राइशर, ज्याला १९४६ मध्ये न्यूरेंबर्गला फाशी दिली, तो १९३३ पासून "रक्त आणि माती" या नाझी घोषणेवाल्या आरोग्याचं मासिक काढायचा आणि त्यात लसीकरणाला विरोध चालायचा.

मावशीला आलेल्या मराठी फॉरवर्डमध्ये ज्यू नव्हतेच. तिथे "फार्मा लॉबी" होती, आणि फार्मा कंपन्या काही धुतल्या तांदळासारख्या नाहीत त्यामुळे ते पटकन गिळलं जातं. पण वाक्याची रचना तीच, फक्त नाव बदललेलं. मी मावशीला ते मूळ वाक्य वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे त्या माणसाच्या हिशोबात आपण कोण गं?" मी म्हटलं, आपण बहुतेक कुठेच नाही.

पण खरं सांगू, तिचं मन वळलं ते याने नाही. सर्जनसमोर तिने विचारलं, माझ्या मुलामुळे झालंय का हे, आणि डॉक्टर हातातलं पेन ठेवून म्हणाल्या, नाही हो आई, अजिबात नाही. मावशी तिथेच रडली. त्या टाळीवाल्या बाईंनी तिला दहा दिवस दादाच्या नावाचं ओझं दिलं होतं, ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, माझ्यासकट.

ऑपरेशन झालं, आता केमो सुरू आहे, तिसरा डोस झाला. हामर २०१७ मध्ये नॉर्वेत वारला. शेवटी शेवटी तर बायकोसाठी रचलेलं गाणं ऐकलं की कॅन्सर थांबतो असं सांगत होता. हे मावशीला सांगितलं तर म्हणे, पाठव की, सलाइन संपेपर्यंत ऐकते, नाहीतरी तिथला टीव्ही बंदच असतो.