पाच नद्यांपैकी साडेतीन

मागच्या पावसाळ्यात पंचगंगा मंदिरात गोमुखाखाली ओंजळ धरून उभी असताना डोक्यात किडा शिरला. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाचही जणी इथूनच निघतात ना, मग प्रत्येकीच्या खोऱ्यात याच गावातून पायी उतरायचं. सुरुवात क्षेत्र महाबळेश्वरला, म्हणजे जुन्या गावाला, बाजारपेठेतल्या महाबळेश्वरला नव्हे. शेवट खाली जिथे पात्र ओलांडता येईल तिथे. गाडी-एसटी फक्त परतीला. सरस्वती आणि भागीरथीही इथे येतात, पण एक साठ वर्षांनी आणि दुसरी बारा वर्षांनी, अशी श्रद्धा आहे. त्यामुळे त्या दोघींना यादीतून सूट दिली.

तर या हंगामाची ही नोंद.

कृष्णा, नोव्हेंबर. कृष्णाबाईच्या काळ्या दगडी मंदिरापाशी उभं राहिलं की समोर थेट जोरचं खोरं उघडतं. पहिल्या फेरीला हीच निवडली, कारण जोरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या ही वाट चढून देवाला येत आलीत. अशा वाटेवर चुकायला जरा मेहनत लागते. मी ती घेतली. पहिल्या अर्ध्या तासात ढोरवाटेला लागून एका कड्याच्या डोक्यावर जाऊन बसले आणि परत फिरले.

वरचा टप्पा जांभळ, हिरडा आणि अंजनीच्या रानाचा. झाडं उंच नाहीत, पण खोडं पीळ पडलेली आणि त्यांच्यावर शेवाळाचे जाड थर. इथली एक गोष्ट नव्याने येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. डोक्यावरचा थर जांभ्याचा, सच्छिद्र. पावसाचं पाणी त्यातून झिरपत खाली जातं, जांभ्याखालच्या चिकट मातीवर अडतं आणि आडवं होऊन बाहेर येतं. म्हणून लाल दगड संपून काळा कातळ सुरू होतो, त्या पट्ट्यात पाणी शोधायचं. नोव्हेंबरात मला तिथे दोन झरे मिळाले, त्यातला एक पुरुषभर रुंद आणि बर्फासारखा गार. त्याच्या वर-खाली मात्र तासभर थेंब नाही.

खाली कारवी. पानं वाळली नव्हती, त्यामुळे पाच पावलांपुढचं दिसत नव्हतं. पुढे काहीतरी मोडल्याचा आवाज आला. आमच्याबरोबर आलेले जोरचे मामा हात वर करून थांबले आणि हळूच म्हणाले, "ताई, बोलत ऱ्हावा. गप बसला तर त्याला बी दचकाय होतं." गवा होता. आम्ही तिघं तारस्वरात भाजीच्या भावांवर बोलत उभे राहिलो. पाच मिनिटांनी तो उतारावरून खाली गेला. दिसली ती फक्त पाठ आणि पायातले पांढरे मोजे.

उतार साधारण पाचशे मीटरचा. तीन तास धरले होते, साडेचार लागले. जोरच्या खाली कृष्णा ओलांडली तेव्हा पाणी घोट्याएवढं होतं. जरा खाली बलकवडीचं धरण, मग धोम, पुढे अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर आणि साधारण १,४०० किलोमीटरवर बंगालचा उपसागर. जोरपाशी मात्र मी बूट हातात घेऊन उड्या मारत पलीकडे गेले. वाईची एसटी अर्थातच गेलेली होती. चूक माझीच, झऱ्यावर फार वेळ बसले.

वेण्णा, डिसेंबर. लवकर उरकते, कारण फार सांगण्यासारखं नाही. गावातून वेण्णा तलावापर्यंत डांबर, गाड्या, घोडे आणि कणसांचा धूर. तलाव १८४२ मध्ये साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी बांधून घेतला. पुढे लिंगमळ्याचा धबधबा, तोही डिसेंबरात बारीक. त्याखाली स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांच्या कडेकडेने उतरून पात्र ओलांडलं. नियमाप्रमाणे पूर्ण, पण रानाची चाल म्हणून मी हिला दहापैकी तीन गुण देईन.

सावित्री, पहिला प्रयत्न, डिसेंबरअखेर. फसला. पश्चिमेकडचा कडा म्हणजे वेगळंच प्रकरण. पूर्वेला खोरी पायऱ्यापायऱ्यांनी उतरतात, इकडे कोकणात सरळ हजार मीटर. आर्थर सीटच्या अलीकडच्या एका नाळेत, म्हणजे कड्यातल्या अरुंद उभ्या घळीत, आम्ही शिरलो. वरचे दोन टप्पे बसून उतरलो, तिसऱ्याला घसारा इतका की पाय ठेवला तो दगड आपल्यासोबत निघायचा. पंधरा मीटरचा कातळटप्पा समोर आला, दोर होता वीस मीटरचा, आणि बांधायला भरवशाचं झाड नाही. दुहेरी टाकला असता तर दहाच मीटर पुरला असता. अकरा वाजता परत फिरलो. ज्यांनी ही नाळ केली आहे त्यांना दंडवत, मला चाळीस मीटर दोर आणि माझ्याहून धीराचा पुढारी लागेल.

कोयना, जानेवारी. आतापर्यंतची सगळ्यात आवडलेली. गावातून बॉम्बे पॉइंटपर्यंत दोन तास डांबर तुडवलं, त्याची भरपाई पुढे रडतोंडी घाटाने केली. याच घाटाने १६५९ मध्ये अफजलखानाचं सैन्य खालच्या पार गावाला उतरलं. नाव का पडलं असेल ते हत्ती-तोफांसकट उतरणाऱ्यांची कल्पना केली की कळतं. इंग्रजांनी रडतोंडीचं 'रोटुंडा' करून टाकलं, म्हणजे रडण्यातली गंमतच गेली.

वाट मधेमधे मोडली आहे, पण जिथे आहे तिथे रुंद आणि वळणं सैल. भारवाही जनावरांसाठी काढलेल्या वाटेचा उतार गुडघ्यांना कळतो. जावळीचं रान अजूनही दाट आहे. चंद्रराव मोऱ्यांचं "येता जावळी, जाता गोवली" ऐकून आपण इतिहासाच्या तासाला हसलो असू, पण दुपारी दोन वाजता जिथे ऊन जमिनीला लागत नाही, तिथे ते वाक्य धमकी म्हणून पटतं.

एका ठिकाणी डोक्यावरच्या कड्याला सात आग्या मोहोळं टांगलेली होती. तिथून बोलणं बंद, अत्तर-स्प्रे आधीपासूनच बंद, आणि विडी पेटवू पाहणाऱ्या आमच्या एका मित्राचा हात मी अक्षरशः धरला. याच तालुक्यातल्या मांघरला २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर केलं. माश्यांचा मुलूख आहे हा, आपण पाहुणे.

पारला रामवरदायिनीचं दर्शन घेतलं आणि कोयनेवरच्या शिवकालीन दगडी पुलाखालून, मुद्दाम पाण्यातून, नदी ओलांडली. पुलाच्या खांबांना प्रवाहाच्या बाजूला टोक काढलेलं आहे, पुराचं पाणी कापायला. अर्धा तास ते बघत बसले. पोळी-ठेचा तिथेच.

सावित्री, दुसरा प्रयत्न, जानेवारीअखेर. वरून जमलं नाही, म्हणून खालून. पोलादपूरहून उमरठमार्गे ढवळे. उमरठला तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपाशी थांबलो. पहाटे पाचला ढवळ्यातून निघालो. चंद्रगड डावीकडे सोडला, नाहीतर दोन दिवस लागले असते. पुढची चढण निव्वळ दमाची. बहिरीच्या घुमटीपाशी नारळ ठेवला, 'जोरचं पाणी' नावाच्या पाणवठ्यावर बाटल्या भरल्या, गाढवाच्या माळावर आडवी झाले. इथे येईपर्यंत तीन लिटर संपलं होतं, चार घ्या.

शेवटचा टप्पा आर्थर सीटच्या, म्हणजे गावच्या भाषेत मढीमहालाच्या, कड्याखालून. वर पर्यटक हलक्या वस्तू दरीत टाकतात आणि वाऱ्याने त्या परत वर आल्या की टाळ्या वाजवतात. परत न आलेल्या सगळ्या मला वाटेत भेटल्या. दोन पिशव्या भरल्या, तिसरी नव्हती. साडेतीन वाजता कठड्यापाशी निघाले तेव्हा एका काकूंनी घाबरून विचारलं, "पडला होतात का हो?"

आता हिशेब. दिशा उलटी, म्हणजे नियम मोडला. शिवाय ढवळ्याचा ओढा पुढे सावित्रीच्याच पोटात जातो, पण तो म्हणजे सावित्री नव्हे. दोन्ही मिळून अर्धी नदी. आमच्यातला एक जण म्हणतो पूर्ण धर, कोण तपासतंय. मी तपासतेय.

गायत्री. अजून शून्य. वाट सापडत नाही हे कारण नाही, नदीच सापडत नाही. मंदिरात धार आहे, बाहेर पडल्यावर ती कुठल्या घळीने कोकणात जाते यावर गावातल्या दोन आजोबांमध्ये माझ्यासमोर जुंपली. एकांनी सावित्री पॉइंटच्या उत्तरेची घळ दाखवली, दुसऱ्यांनी दक्षिणेची, आणि दोघांनीही "आमचा बा सांगायचा" हाच पुरावा दिला. चहा झाला, निकाल लागला नाही.

मार्चमध्ये दोन्ही घळींच्या तोंडापर्यंत जाऊन यायचं ठरवलंय. वनखात्याच्या नाक्यावर सांगून, जोरच्या मामांना घेऊन, या वेळी चाळीस मीटर दोरासकट. तोवर बाकीचे ओढे आटलेले असतील. ज्या घळीत पाणी असेल, ती माझ्या वहीत गायत्री.